सफरचंद : गाड्यासाठी वेगळे, भट्टीसाठी वेगळे

इचलकरंजीत फळांच्या गाड्यांवर आपले अनेक बागवान बांधव आहेत आणि बेकरीच्या धंद्यातही आपली माणसे बरीच आहेत. पण या दोन धंद्यांत सफरचंदाविषयी बोलणे होत नाही, असे आमच्या पाहण्यात आले आहे. आमच्या परिचयाच्या एका बेकरीवाल्यांनी रमजान ईदच्या आधी, मार्च महिन्यात, सफरचंदाचे पफ करण्याची ऑर्डर घेतली. गाड्यावर मागे राहिलेल्या लाल डिलिशियसच्या दोन पेट्या स्वस्तात मिळाल्या, त्या वापरल्या. भट्टीत फळाला पाणी सुटले, तळ ओला राहिला, आतला गर बेचव झाला आणि दोन ट्रे टाकून द्यावे लागले. त्यांनी आधी मैद्याला दोष दिला, मग भट्टीला. दोष होता फळाच्या निवडीचा.

आपल्याकडे सफरचंद म्हणजे लाल. यंत्रमागाच्या पगाराच्या संध्याकाळी गाड्यावर येणारा गिऱ्हाईक रंग पाहून भाव करतो, म्हणून माल मागवणाराही रंगच मागतो. काश्मीर आणि हिमाचलहून येणाऱ्या लाल मालात मोठा वाटा डिलिशियसचा असतो. हे मूळचे अमेरिकेतील आयोवा राज्याचे वाण. सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास ते हिमाचलात कोटगढला लावले. 2001 मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यानंतर 'वॉशिंग्टन' या नावाने चिकटपट्टी लावलेले जे लाल सफरचंद इकडे भरपूर दिसू लागले, तेही मुख्यतः याच जातीचे. प्रतवारी, चकाकी आणि साठवणीचा फरक असतो, जात एकच. गिऱ्हाइकाला हे सांगणे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही सांगावे या मताचे आहोत.

डिलिशियस कच्चे खायला चांगले; गोड, रसाळ, आंबटपणा नावापुरता. नेमका हाच गुण भट्टीत अवगुण ठरतो. साखर घातल्यावर गोडावर गोड होते आणि चव उरत नाही. त्यातून माल साठवणीचा असेल तर गर आधीच पिठूळ झालेला असतो. शीतगृहात प्राणवायू कमी करून ठेवलेले फळ सहा-आठ महिने टिकते खरे, पण बाहेर काढल्यावर आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात भराभर मऊ पडते.

शिजवण्यासाठी फळ निवडताना दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात. आंबटपणा चव देतो आणि गराचा घट्टपणा फोडीचा आकार राखतो. दोन्ही एकत्र असतातच असे नाही. इंग्लंडचे ब्रॅमली अतिशय आंबट, पण शिजताच विरघळून त्याचा लगदा होतो. म्हणून तिकडे ते चटणीवजा गरासाठी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातून जगभर गेलेले हिरवे ग्रॅनी स्मिथ आंबटही आहे आणि घट्टही. पायसाठी ते उत्तम, पण आपल्याकडे महाग पडते. गोल्डन डिलिशियस, म्हणजे पिवळे सफरचंद, मध्यम गोड असले तरी भट्टीत त्याची फोड बऱ्यापैकी टिकते. लाल जातीच्या बागांत परागीभवनासाठी ही पिवळी झाडे लावतात. त्यामुळे माल निघतोच, पण रंग पिवळा म्हणून आपल्याकडे त्याला उठाव कमी. बेकरीवाल्यांनी हेच फळ घ्यावे. लिंबाचा रस थोडा जास्त घातला की आंबटपणाची उणीव भरून निघते. मात्र त्याची साल लवकर सुरकुतते. आठवड्याचाच माल घ्यावा.

काश्मीरचे महाराजी हे आणखी एक दुर्लक्षित फळ. उशिरा, ऑक्टोबरच्या सुमारास उतरते. मोठे, रसाळ, आंबट आणि टिकाऊ. ताजे खाणारा तोंड वाकडे करतो, पण भट्टीसाठी आणि जॅमसाठी आम्हाला याहून सोयीचे देशी फळ दिसत नाही. खुद्द काश्मिरी घरांत आंबट सफरचंद वांग्याबरोबर शिजवून त्याचे कालवण करतात. जे पिकवतात त्यांना खाण्याचे फळ आणि शिजवण्याचे फळ यातला फरक ठाऊक आहे. महाराजी दरवेळी इथवर पोहोचत नाही, मागणी असेल तरच येते.

पेटी घेण्याआधी एक फळ कापून चार फोडी तव्यावर चमचाभर साखर घालून दहा मिनिटे शिजवून पाहाव्यात. फोड उभी राहिली तर पाय आणि पफसाठी, विरघळली तर जॅम किंवा हलव्यासाठी. हंगामाच्या सुरुवातीचा माल कच्चा असल्याचा संशय आला तर कापलेल्या बाजूला टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकावेत. गर निळाकाळा झाला तर आत अजून पिष्ट आहे, फळ पुरते तयार नाही. तो तुकडा अर्थातच फेकून द्यावा. डिलिशियसच वापरावे लागले तर जाड फोडी कराव्यात, साखर-लिंबू लावून अर्धा तास चाळणीत ठेवाव्यात आणि खाली गळलेला रस आटवून मगच परत घालावा. ट्रे ओला होणार नाही. शिवाय साल, देठ आणि गाभा काढल्यावर किलोमागे साधारण पाऊण किलो गर हाती येतो, हे भाव ठरवताना विसरू नये.

गाडीवाल्या बांधवांनी सफरचंद केळ्यांजवळ रचू नये. त्यातून निघणाऱ्या वायूमुळे केळी लवकर काळी पडतात. इफ्तारच्या फ्रूट चाटसाठी कापून विकायचे असेल तर गाला किंवा फुजी घ्यावे. दोन्ही कुरकुरीत असतात. फोडींना लिंबू लावले तर त्या लवकर तांबूस होत नाहीत. पेटीच्या भावाची तुलना करताना वजनही विचारावे. हिमाचलने 2024 च्या हंगामापासून वीस किलोचा एकसमान खोका लागू केला आहे, काश्मीरच्या पेटीचे वजन वेगळे असते.

पिवळा माल आणि महाराजी हवा असेल तर कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील आपल्या दलालाला सप्टेंबरमध्येच सांगून ठेवावे. चार बेकरीवाले मिळून सांगतील तर एकेका पेटीसाठी कोणालाही अडून बसावे लागणार नाही.