कलम तेरा आणि दुसरा-चौथा शनिवार

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ हा तसा आटोपशीर कायदा. कलमे अवघी तेवीस. त्यांतल्या तेराव्या कलमाने मला कित्येक वर्षे पछाडले आहे. ते सांगते की या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडायला मिळावी, असा हक्क कुठल्याही पक्षकाराला नाही. न्यायाधीशांना गरज वाटलीच, तर ते एखाद्या कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावू शकतात. आपल्याकडे खुनाच्या आरोपीची ऐपत नसेल, तर सरकार स्वतःच्या खर्चाने त्याला वकील देते. संसार मोडत असताना, पोटची मुले कुणाकडे राहणार हे ठरत असताना मात्र वकील हा परवानगीचा विषय होतो. असे का लिहिले गेले, आणि पुढे त्याचे काय झाले, याचा माग काढता काढता घटस्फोटाच्या वकिलाचे नेमके काम काय, या प्रश्नापाशी मी येऊन ठेपलो.

कौटुंबिक न्यायालयांची कल्पना आपल्याकडे आणली दुर्गाबाई देशमुखांनी. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या. १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी विवाह झाल्यावर त्या महाराष्ट्राच्याही झाल्या. त्याच वर्षी चीनच्या दौऱ्यात त्यांनी तिथली कौटुंबिक न्यायालये पाहिली. परतल्यावर त्या मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांच्याशी बोलल्या, पंडित नेहरूंशीही बोलल्या. दुर्गाबाईंचे स्वतःचे पहिले लग्न आठव्या वर्षी लावून दिलेले होते. समजत्या वयात त्या त्यातून बाहेर पडल्या. पुढे त्या कायदा शिकल्या आणि मद्रासला त्यांनी वकिली केली. घरातले भांडण फौजदारी-दिवाणीच्या रेट्यात नेऊन सुटत नाही, हे एका वकील बाईने सांगितले होते, याला मी फार महत्त्व देतो. कायदा झालेला पाहायला मात्र त्या राहिल्या नाहीत. १९८१ साली त्या गेल्या.

मधला प्रवास नेहमीचाच. १९७४ साली विधी आयोगाचा एकोणसाठावा अहवाल आला, पुढच्या वर्षी स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा, मग स्त्री-संघटनांचा पाठपुरावा आणि अखेर १९८४. पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली.

वकिलांना बाहेर ठेवण्यामागचा विचार समजून घ्यायचा, तर लढाऊ घटस्फोटाची एखादी फाईल वाचावी. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण झाले. तेव्हापासून त्या कारणावरच्या अर्जात क्रूरता दिसावीच लागते. मग साखरपुड्यातल्या मानपानापासून सुरुवात होते. मधुचंद्र, सासूचे बोलणे, मिठाचा अंदाज, पगाराचे पासबुक असे सारे परिच्छेदवार मांडले जाते. समोरून कैफियत येते. प्रत्येक परिच्छेदापुढे तेच वाक्य: सदरचा मजकूर खोटा व खोडसाळ असून जाबदारास मान्य व कबूल नाही. एवढ्यावर थांबत नाही. ‘खरी हकीकत अशी की’ म्हणून दुसऱ्या बाजूची यादी सुरू होते. अशा कागदांवर सह्या करणारी दोन माणसे पुढची दहा-बारा वर्षे एकाच मुलाचे आईबाप म्हणून एकमेकांशी बोलणार असतात. एकदा लिहिलेले पुसता येत नाही, ते निशाणी क्रमांकासह दप्तरात राहते. वकिलांनी हा कारखाना चालवला, हा आरोप खोटा नाही. तेरावे कलम लिहिणाऱ्यांच्या मनात हीच चीड असणार, आणि त्यांना मी दोष देत नाही.

पण औषध चुकले. दार बंद केल्याने वकील नाहीसे झाले नाहीत, ते आवारात बसून अर्ज लिहू लागले. पक्षकार तो कागद घेऊन एकटा आत उभा राहू लागला. कोणता दस्तऐवज कधी दाखल करायचा, पुरसीस म्हणजे काय, अंतरिम पोटगीचा अर्ज मूळ अर्जापासून वेगळा का द्यायचा, हे कुणी सांगायचे? उलटतपास तर स्वतःच घ्यायचा. ज्या नवऱ्यापुढे बाईने पंधरा वर्षांत आवाज चढवला नाही, त्यालाच तिने भर न्यायालयात प्रश्न विचारायचे. नवरा शिकलेला, कमावता, कागदपत्रे हाताळणारा असेल, तर वकील नसण्याचा फायदा त्याचाच. दुबळ्याच्या कळवळ्याने केलेली तरतूद दुबळ्याच्याच मुळावर आली.

महाराष्ट्राच्या नियमांत याला वाट ठेवलेली होती. १९८८ च्या नियमांतल्या सदतिसाव्या नियमानुसार प्रकरणात कायद्याचे किंवा वस्तुस्थितीचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, किंवा पक्षकाराला स्वतः काम चालवणे जमणार नसेल, तर न्यायालय वकिलाला परवानगी देऊ शकते, आणि कोणत्याही टप्प्यावर ती काढूनही घेऊ शकते. १९९१ च्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ही परवानगी सढळपणे द्यावी, असा कौल दिला. कलमाच्या वैधतेलाही आव्हान मिळाले, कलम टिकले. वकिलांना सर्व न्यायालयांत व्यवसायाचा हक्क देणारे वकील कायद्याचे तिसावे कलम पन्नास वर्षे नुसते छापील राहून जून २०११ मध्ये अमलात आले, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. आज वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज जोडला जातो आणि सहसा तो मंजूर होतो. माझ्या मते सदतिसाव्या नियमातला परवानगी काढून घेण्याचा भाग सगळ्यांत शहाणपणाचा आहे. जो वकील भांडण वाढवतो, त्याला बाहेर काढता येते. ही ताकद वापरली जाताना फारशी दिसत नाही, ही खंत आहे.

मग आत आलेल्या वकिलाने करायचे काय? पुष्कळांना वाटते, युक्तिवाद. प्रत्यक्षात चांगल्या कौटुंबिक वकिलाचे निम्म्याहून जास्त काम कागदावर होते, आणि तेही पक्षकाराला समोर बसवून. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेले पोटगीचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या निकालात न्यायालयाने देशभरासाठी मालमत्ता आणि देणी जाहीर करणाऱ्या प्रतिज्ञापत्राचा नमुना घालून दिला. तो मी कादंबरीसारखा वाचला. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळे परिशिष्ट आहे. एकूण जमीन किती, की सामाईकात हिस्सा; मालकी दाखवणारे उतारे; जमीन ओलिताची की कोरडवाहू; वर्षात पिके कोणती घेतली; मागच्या तीन वर्षांचे उत्पन्न; कुणाची जमीन बटाईने केली आहे का; गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मधमाश्या किती आणि त्यांपासून मिळते काय. मेघालयातल्या मातृवंशीय समाजांसाठी आणखी एक परिशिष्ट आहे.

या प्रश्नांमागे न्यायालयांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. ‘जमीन वडिलांच्या नावावर आहे, माझे काहीच नाही’ हे उत्तर प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. नवऱ्याने लिहिले नाही, तरी गोठ्यात म्हशी किती आणि डेअरीचे बिल कुणाच्या खात्यावर जमा होते, हे बायकोला माहीत असते. तिला एवढेच माहीत नसते की हे सांगण्यासारखे आहे. ते तिच्याकडून काढून घेणे, सात-बारा आणि फेरफार मागवणे, बँकेचे खाते उतरवून घेणे हे वकिलाचे काम. तसेच स्वतःच्या अशिलाला ‘तुमचाही पगार लिहा, लपवू नका’ असे बजावणेही. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. त्यामुळे तारखांमागून तारखा घेऊन रक्कम वाचवण्याच्या जुन्या युक्तीतली धार गेली.

पैशांचे गणित तरी मांडता येते, मुलांचे अवघड. कायद्याची दिशा जुनी आणि स्वच्छ आहे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अजून चालू आहे. आईचा किंवा बापाचा हक्क नव्हे, मुलाचे कल्याण हाच निकष, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९४१ मध्येच घेतली होती. मुले ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सुनावले. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे, असे १९५६ चा हिंदू कायदा म्हणतो. पण तत्त्व ठरले म्हणून शनिवार ठरत नाही.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात संमतीच्या अटी जोडतात. नावे झाकलेल्या अशा अटी मी बऱ्याच वाचल्या आहेत. हलगर्जी वकिलाच्या कागदात एकच ओळ असते: वडिलांना मुलास भेटण्याचा वाजवी हक्क राहील. ही ओळ म्हणजे पुढच्या पाच अर्जांचे बियाणे. वाजवी म्हणजे किती, कुठे, कोणी न्यायचे, कोणी आणायचे? जाणत्या वकिलाचा कागद रटाळ असतो, पण त्यातले काहीच संदिग्ध नसते. दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. मूल सोसायटीच्या फाटकापाशी द्यायचे-घ्यायचे, वर घरात जायचे नाही. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, पहिला भाग सम वर्षी आईकडे. दिवाळीत पाडवा एका वर्षी इकडे, भाऊबीज तिकडे. गणपतीला गावी न्यायचे तर आठ दिवस आधी कळवायचे. बुधवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल, आणि त्या वेळी खोलीत दुसरे कुणी बसायचे नाही. शाळेच्या दाखल्यावर दोघांची नावे, पालकसभेला दोघांनाही मुभा. पासपोर्ट कुणाकडे. ताप असल्यास बुडालेला शनिवार पुढच्या आठवड्यात. मूल दहावीला गेले की सगळे वेळापत्रक पुन्हा बसवायचे.

भाऊबीजेची ओळ वाचताना मला गलबलून आले. बापाकडे असलेल्या मुलाने आईकडच्या बहिणीसमोर पाटावर बसावे, याची तरतूद कुणीतरी विचार करून लिहिली होती. कुठल्याही कलमात भाऊबीज नाही. ती वकिलाने घातली, आणि त्यासाठी त्याला दोन्ही घरांत काय चालते हे विचारावे लागले असणार.

इथे एक अडचण राहतेच. आईचा वकील आईचा असतो, बापाचा बापाचा. मुलाचे वकीलपत्र कुणाकडेच नसते. मूल कळत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून त्याचे मन विचारू शकतात, समुपदेशक अहवाल देतात. पण आदल्या रात्री घोकवून घेतलेले उत्तर आणि मुलाचे स्वतःचे उत्तर यांतला फरक ओळखायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बोर्डावरच्या गर्दीत मिळत नाही. म्हणून आईबापांच्या वकिलांवरच जास्तीची जबाबदारी येते. ‘पोटगी कमी केली तर भेट वाढवू’ असा सौदा अशील मागत असला, तरी तो कागदावर उतरवायला नकार देणारे वकील मला माहीत आहेत. अशील सोडून जातो, फी बुडते. तरीही ते नकार देतात, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात अतिशय आदर आहे.

परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट आहे. दोघे बराच काळ वेगळे राहत असतील, पोटगी, ताबा सारे मिटलेले असेल आणि थांबण्याने फक्त यातनाच वाढणार असतील, तर ती माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. सुटका लवकर होते हे चांगलेच. मात्र घाईत लिहिलेल्या अटी पुढे मुलाला भोवतात. अट माफ करून घेण्याआधी वेळापत्रक निदान महिनाभर प्रत्यक्ष चालवून पाहावे, असे सांगणारा वकील खरा हितचिंतक म्हणावा.

पुण्यातल्या संगणक कंपन्यांतून अमेरिकेत, इंग्लंडमध्ये गेलेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न फार बिकट होतो. आई मुलाला घेऊन सुट्टीसाठी म्हणून माहेरी येते आणि परतत नाही. किंवा बाप तसे करतो. बेकायदा नेलेली मुले मूळ देशी परत पाठवण्याचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा झाला, पण कायदा झाला नाही. मग परदेशी न्यायालयाचा आदेश एका हातात आणि इथल्या उच्च न्यायालयातली बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका दुसऱ्या हातात, अशी ओढाताण चालते. २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाचा कल असा की परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, शेवटचा शब्द मुलाच्या कल्याणाचा. अशा वेळी दोन्ही देशांतले वकील एकाच आशयाचे आदेश दोन्हीकडून करून घेऊ शकतात, म्हणजे मूल आजीला भेटायला विमानात बसले की ते अडकून पडेल अशी भीती उरत नाही. हे ज्ञान असलेले वकील थोडे आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी तर जवळजवळ नाहीतच.

२०१५ साली विधी आयोगाने दोनशे सत्तावन्नाव्या अहवालात १८९० च्या कायद्यात ताबा, मुलांचा खर्च आणि भेटी यांवर एक स्वतंत्र प्रकरण घालण्याचा मसुदा दिला. संयुक्त ताबा, पालकत्वाचा लेखी आराखडा, आजी-आजोबांशी भेट, मध्यस्थी असे सारे त्यात आहे. त्यावर कायदा झालेला नाही. तेव्हा पालकत्वाचा आराखडा कसा असावा, हे आज महाराष्ट्रात वकिलांच्या टेबलावरच ठरते आहे. एकाच्या मसुद्यातले कलम दुसरा उचलतो, त्यात व्हिडिओ कॉलची वेळ घालतो, तिसरा दहावीचे वर्ष घालतो. कनिष्ठ वकिलांना हे शिकवणारा एकही धडा माझ्या पाहण्यातल्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत नाही. बार असोसिएशननी नावे झाकून चांगल्या अटींचे संग्रह मराठीत छापावेत आणि प्रत्येक कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकांच्या खोलीत ठेवावेत, असे मी भेटेल त्या वकिलाला सांगत असतो. वकील न परवडणाऱ्या बाईलाही मग अर्जासोबत जोडायला एक तयार वेळापत्रक मिळेल.