फळबागांचे संशोधन : पैसा कोणाचा, माणसे कोणाची?



ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना एक गोष्ट आमच्या नजरेत भरते. आपल्यापैकी कित्येकांनी उसाच्या जोडीला एक-दोन एकर डाळिंब केले आहे. उसावर रोग दिसला की सभासद हक्काने गट ऑफिसात येतो. डाळिंबावर तेल्या पडला की तोच सभासद औषधाच्या दुकानात जातो आणि दुकानदार देईल ते मारतो. असे का व्हावे?

उसाचे घर पक्के आहे. पाडेगावचे संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते. १९७५ साली सहकारी साखर कारखानदारीने स्वतःची संस्था उभी केली. तीच आजची मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. तिला कारखाने गाळपाच्या टनामागे वर्गणी देतात. सगळा ऊस काट्यावर येतो, म्हणून हे जमते. डाळिंबाला असा काटा नाही. कोणाचा माल मार्केटात जातो, कोणाचा बांधावरच व्यापारी उचलतो. टनामागे कापायचे कोणी आणि कुठे? म्हणून फळसंशोधनाचा मुख्य भार सरकारी तिजोरीनेच उचलला पाहिजे.

हा पैसा वाया जातो असे म्हणणाऱ्यांनी 'गणेश' डाळिंबाचा इतिहास पाहावा. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चिमा यांनी 'आळंदी' वाणाच्या रोपांतून एक झाड निवडले. १९७० साली त्या वाणाला 'गणेश' हे नाव मिळाले. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गणेशचा रशियन वाणाशी संकर केला आणि त्यातून 'मृदुला' आली. त्यानंतर २००३-०४ च्या सुमारास 'भगवा' आला आणि दुष्काळी माणदेश-सांगोल्याकडच्या घरांत पैसा खेळू लागला. म्हणजे हे पासष्ट-सत्तर वर्षांचे काम. एकाने लावले, दुसऱ्याने राखले, तिसऱ्याने पुढे नेले. असा धीर कोणती खाजगी कंपनी धरील?

फळझाडाचे गणितच वेगळे. बी लावून पहिले फळ दिसायला तीन-चार वर्षे जातात. मग चार-पाच हंगाम ते झाड पारखायचे, कलमे बांधून ठिकठिकाणी लावून बघायची. प्रकल्पाला मंजुरी मात्र बहुधा तीनच वर्षांची. मधेच शास्त्रज्ञाची बदली झाली, कोणी निवृत्त झाले आणि जागा भरली नाही, तर झाडे उभी राहतात पण नोंदवही बंद पडते. आपल्या राज्यातील चारही कृषी विद्यापीठांत मंजूर पदांपैकी बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. आलेल्या पैशातला मोठा वाटा पगार-पेन्शनला जातो. प्रयोगाला उरते ते थोडे.

सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झाले. बागेची स्वच्छता, निरोगी रोपे, बहाराची योग्य वेळ यांबाबतचा सल्ला तिथून मिळतो आणि तो उपयोगी आहे. पण तेल्याला दादच देणार नाही असा वाण अजून आपल्या हाती आलेला नाही. तो यायचा तर पैसा दरसाल आणि माणसे कायमची, दोन्ही पाहिजेत.

आपण काय करावे? ग्रामसभेत रिकाम्या जागा भरण्याचा ठराव करून आमदारांकडे पाठवावा. रोपे अधिकृत रोपवाटिकेतूनच घ्यावीत, पावती जपून ठेवावी. विद्यापीठाने प्रयोगासाठी चार गुंठे मागितले तर मागे हटू नये. उसाची संस्था सहकाराने उभी राहिली, कारण ती आपली आहे असे आपण मानले. डाळिंबाचे केंद्रही आपल्याच कराच्या पैशातून चालते. तेव्हा तिथे हक्काने जावे आणि हिशेबही हक्कानेच विचारावा.

— ऊस विकास विभाग