कॅनमध्ये गाईचं किती, म्हशीचं किती?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

दहावीच्या बीजगणितातला पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. "हे पुढं कुठं लागतं?" असं बरेच जण विचारतात. मोहोळकडं सकाळी दूध डेअरीवर उभं राहा, तिथंच लागतं.

समजा ४० किलो दूध आहे, गाईचं आणि म्हशीचं एकत्र. मशीनवर फॅट लागली ४.०. नुसत्या गाईच्या दुधाची फॅट ३.४ आणि म्हशीच्या दुधाची ६.४ धरू. गाईचं ग किलो, म्हशीचं म किलो.

वजनाचं समीकरण: ग + म = ४०
फॅटचं समीकरण: ३.४ग + ६.४म = ४० × ४.० = १६०

पहिल्याला ३.४ ने गुणा: ३.४ग + ३.४म = १३६. हे दुसऱ्यातून वजा करा: ३म = २४. म्हणजे म्हशीचं ८ किलो, गाईचं ३२. झालं!

पण थांबा. कुणी २५ किलो म्हशीच्या दुधात १५ किलो पाणी ओतलं तर? वजन ४०, आणि २५ × ६.४ = १६०. फॅट परत ४.०! नुसती फॅट बघून हे दोन कॅन वेगळे सांगताच येत नाहीत. पाणी हा तिसरा अज्ञात आला, आणि समीकरणं दोनच.

म्हणून डेअरीवर एसएनएफही बघतात. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ: प्रथिनं, साखर, क्षार. गाईचं ८.५ आणि म्हशीचं ९ धरलं तर पहिल्या कॅनचं येतं ८.६, पाणीवाल्याचं जेमतेम ५.६. दूध घालणाऱ्याच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. फॅट कमी लागली म्हणून कुणी पाण्याचा आळ घेतला, तर पावतीवरचं एसएनएफ दाखवा.

पाणी मिसळलं की भेसळच, असंही नाही बरं का. मुंबईत १९४६ मध्ये दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून टोन्ड दूध आलं: म्हशीच्या दुधात पाणी आणि स्किम्ड दुधाची पावडर. पाण्यानं फॅट उतरते, पावडर एसएनएफ सावरते. आज टोन्ड दुधाला किमान ३ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागतं. म्हणजे दूध, पाणी, पावडर असे तीन अज्ञात, आणि वजन, फॅट, एसएनएफ अशी तीन समीकरणं.

तेव्हा गणिताला हात घालण्याआधी मोजा: अज्ञात किती आणि वेगवेगळी माहिती किती? एकच समीकरण दुप्पट करून लिहिलं तर ती नवी माहिती होत नाही.

गृहपाठ: तेच दूध, ४० किलो, पाणी नाही, फॅट ४.९. गाईचं किती, म्हशीचं किती? उत्तर पुढच्या भागात!