बॅटरी बंद, तरी ॲल्युमिनियम चालूच!

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून पाणी उकळलं की पातेलं आतून काळवंडतं, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने ॲल्युमिनियमपासून वीज देणाऱ्या ॲल्युमिनियम-एअर बॅटरीचं मोठं दुखणं याच्याच जातीचं आहे, फक्त कितीतरी पट तीव्र.

एक ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये कागदोपत्री २.९८ ॲम्पिअर-तास विद्युतभार असतो. पण तो मिळवायचा तर धातूवरचं संरक्षक ऑक्साइडचं कवच हटवायला कॉस्टिक पोटॅशचं द्रावण लागतं. कवच गेलं की धातू पाण्याशी थेट भिडतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटू लागतात. एक ग्रॅम धातू असा वाया गेला तर सव्वा लिटरच्या आसपास हायड्रोजन! बॅटरी वापरात नसली तरी ही गळती थांबत नाही.

मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे द्रावणात थोडं झिंक ऑक्साइड विरघळवणं. ॲल्युमिनियमवर आपोआप जस्ताचा करडा थर बसतो. जस्तावर हायड्रोजन सहजी तयार होत नाही, म्हणून झीज मंदावते. सोडियम स्टॅनेट घातलं तर हेच काम कथील करतं.

पण नुसता जस्ताचा थर भुसभुशीत असतो, सुटून येतो. म्हणून सोबत कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजसारखे सेंद्रिय पदार्थ वापरून पाहिले जातात. ते पृष्ठभागाला चिकटून पाण्याला अडवतात. मात्र प्रमाण चुकलं, तर झिजेबरोबर वीजही अडते. खरी कसोटी इथेच आहे.

कृपया घरी प्रयोग करू नका. कॉस्टिक कातडी आणि डोळे जाळतं, आणि हायड्रोजन ठिणगीने पेटतो.