तान्ह्या बाळाला दिवसातून किती वेळा पाजावे?

शेतकरी बंधूंनो, मथळा वाचून तुम्ही म्हणाल, हा बायकांचा विषय, शेतीच्या पानावर कशाला? पण खुरपणीला बाया लावणारे तुम्हीच आणि त्यांची सुट्टी किती वाजता करायची हे ठरवणारेही तुम्हीच. तेव्हा विषय तुमच्याच बांधावरचा आहे.

गाय व्याली की वासराला लगेच चीक पाजायचा, हे तुम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. मग घरात सून बाळंत झाली की तेच पिवळसर घट्ट दूध काही घरांत पिळून का टाकतात? वर बाळाला मधाचे बोट, साखरपाणी! जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळ अंगावर घ्यावे. सिझर झाले असले तरी आई शुद्धीवर आली की घेता येते.

पुढे किती वेळा? घड्याळ लावून नव्हे, बाळ मागेल तेव्हा. सुरुवातीच्या महिन्या-दोन महिन्यांत चोवीस तासांत ८ ते १२ वेळा होते, रात्रीसुद्धा. बाळ तोंड उघडून शोधते, मूठ चोखते, ती भुकेची खूण. रडणे ही शेवटची. सासूबाई म्हणतात, "आत्ताच तर पाजलं, लगेच कशी भूक लागंल?" लागते. पोट एवढेसे, आणि आईचे दूध लवकर पचते.

एका वेळी किती मिनिटे, याचा एकच आकडा नाही. एखादे दहा मिनिटांत सोडते, एखादे अर्धा तास घेते. मात्र एक बाजू पुरी होऊ द्यावी, मग दुसरी. शेवटच्या धारांना फॅट जास्त लागते, हे डेअरीला दूध घालणाऱ्याला वेगळे सांगायला नको. इथेही तसेच आहे.

खरी अडचण सव्वा महिन्यानंतर सुरू होते. बाई सकाळी नऊला कामावर जाते, संध्याकाळी पाचला येते. आठ तासांत बाळाची तीन पाजणी चुकतात. घरी म्हातारी गाईच्या दुधात पाणी घालून बाटलीने पाजते. बाटली नीट उकळलेली नसते, बाळाला हगवण लागते. इकडे आईची छाती भरून दुखते आणि चार-आठ दिवसांत दूध कमी होऊ लागते. आईची तुलना जनावराशी करू नये, पण कास मोकळी केली नाही तर म्हैस आटते, तोच हा नियम. मग सगळे म्हणतात, हिला दूधच नाही!

उपाय महागाचा नाही. निघताना एकदा पाजावे, आल्याबरोबर एकदा. मधल्या वेळी बाळ घेऊन कुणी बांधावर यावे, नाहीतर बाईला अर्धा तास घरी सोडावे, आणि त्याची मजुरी कापू नये. तेही जमत नसेल तर आईने हात धुऊन दूध स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवावे. सावलीत, गार जागी ते चार तास टिकते. बाळाला वाटी-चमच्यानेच पाजावे.

सहा महिने दुसरे काही नको. गुटी नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको, कारण आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते. पूर्वी चार ते सहा महिने म्हणत, २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना पुरे सहा महिने सांगते. त्यानंतर मऊ भात, वरण, नाचणीची पेज सुरू करावी आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

दूध पुरते की नाही, हे लघवीवरून ओळखा. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसभरात निदान सहा वेळा लघवी करावी. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत भरून येते. तसे झाले नाही, बाळ सुस्त पडले किंवा ओढेनासे झाले, तर अंगारा-धुपारा न करता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आता सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा जास्त मुले असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमायची, अशी तरतूद होती. किती कामांवर ती बाई दिसली, हे आठवून पाहा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने बाळंतिणीला सहा महिने अंगणवाडीतून आहार मिळतो. गावात आज किती बाळंतिणी आहेत आणि त्यांतल्या किती जणींची नावे त्या यादीत आहेत, हे येत्या मासिक सभेत सेविकेला विचारा.