चूल, चाकरी आणि चावडी

दरवर्षी 2 ऑगस्ट उजाडला की दादरा-नगर हवेलीत मुक्तिदिनाचे सोहळे होतात, ध्वजवंदन होते, 1954 सालच्या वीरांचे पुण्यस्मरण केले जाते. हे उचितच आहे. ज्या समाजाला आपल्या मुक्तिदात्यांची आठवण राहत नाही तो समाज मुक्त राहण्यासही फारसा लायक नसतो. परंतु सत्काराचे हार सुकून गेल्यावर एक प्रश्न मागे उरतो आणि तो व्यासपीठावरून सहसा कोणी विचारीत नाही. गावासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाचे घर त्या काळात कोणी चालविले? आणि आज जो गावासाठी बाहेर पडू इच्छितो, त्याचे घर कोणी चालवावे?

हा इतिहास आमच्या वाचकांना परिचित आहे. 22 जुलै 1954 रोजी दादरा मुक्त झाले, त्याच महिन्याच्या अखेरीस नरोली आणि 2 ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात, सिल्वासा. मुक्तीसाठी धडपडणारे लोक एका पक्षाचे नव्हते आणि एका विचाराचेही नव्हते. युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स होता, आझाद गोमंतक दल होते, संघाचे स्वयंसेवक होते, वारली वस्त्यांत काम करणारे कम्युनिस्टही होते. त्यांत धंदेवाईक सैनिक किती असतील? सुधीर फडके चित्रपटसंगीतात नाव कमावलेले संगीतकार. घरी पत्नी आणि लहान मुलगा. नगर हवेलीहून परतल्यावर आठ महिन्यांनी, 1 एप्रिल 1955 रोजी, पुणे आकाशवाणीवरून त्यांच्या स्वरांत गीतरामायण सुरू झाले. बाबासाहेब पुरंदरे इतिहासाचे अभ्यासक. मोहन रानडे गोव्यात शिक्षकी करणारे. मुक्त प्रदेशाचे पहिले प्रशासक झालेले आप्पासाहेब करमळकर हे बँकेत नोकरी केलेले गृहस्थ. ही सारी पोटापाण्याचा उद्योग असलेली, घरदार असलेली माणसे होती. रानड्यांना पुढे 1955 साली अटक झाली आणि त्यांची सुटका जानेवारी 1969 मध्ये झाली. त्या सुटकेसाठी फडक्यांनी आपला व्यवसाय सांभाळून वर्षानुवर्षे खटपट केली. म्हणजे 2 ऑगस्टला त्यांचे सार्वजनिक काम संपले नव्हते, ते खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले.

नगर हवेलीच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. मुक्ती काही दिवसांत मिळाली. कारभार मात्र सात वर्षे करावा लागला. 1954 पासून 1961 पर्यंत या चिमुकल्या प्रदेशाचा गाडा वरिष्ठ पंचायतीच्या साह्याने हाकला गेला. भारतात विलीन न झालेला आणि पोर्तुगालच्या हाती न उरलेला असा तो विलक्षण काळ. तिकडे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा चालू होता. 12 एप्रिल 1960 च्या निकालाने सशस्त्र सैन्य नेण्याचा पोर्तुगालचा हक्क अमान्य झाला आणि 11 ऑगस्ट 1961 रोजी विलीनीकरण पार पडले. या सात वर्षांत बंदूक कोणी हाती घेतली नसेल, पण टपाल पोहोचवावे लागले, तंटे मिटवावे लागले, हिशेब लिहावे लागले. या कामावर पोवाडे रचले जात नाहीत. लोकशाही मात्र याच कामावर उभी असते.

आता आजच्या गलोंड्याकडे वळू. सिल्वासाच्या आसमंतातील हे गाव, स्वतःची ग्रामपंचायत असलेले. मुक्तिदिन येतो तो नेमका भातलावणीच्या दिवसांत. अशा गावातील एखाद्या पंचायत सदस्याचा दिवस वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. पहाटे चिखलात उतरून आवण लावायचे. सकाळी सिल्वाशाच्या आसपास उभ्या राहिलेल्या कारखान्यांपैकी एखाद्यात पाळीवर हजर व्हायचे. पाळी सुटून घरी यावे तर दारात कोणी दाखल्यासाठी उभा, कोणाच्या पाड्यावरचा हातपंप नादुरुस्त, कोठे पावसाने रस्ता वाहून गेलेला. दरम्यान पोराला ताप आलेला असतो आणि म्हाताऱ्या आईचे औषध संपलेले असते. पंचायतीची बैठक कचेरीच्या वेळेत असेल तर खाडा करायचा आणि रोजी बुडवायची. बैठकीस न जावे तर ‘निवडून दिले, पण तोंड दाखवत नाही’ हा बोल ऐकायचा. घरी पोहोचल्यावर ‘गावाचे पाहता, घराचे कधी पाहणार?’ हा दुसरा बोल. दोन्ही बोल खरे असतात, हीच त्याची खरी व्यथा आहे.

सदस्य जर स्त्री असेल तर हे ओझे दुप्पट होते. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. बैठकीतील खुर्ची तिला मिळाली, पण चूल, पाणी आणि लेकरे यांतील एकतृतीयांश भार कोणी उचलला? तो कोणत्याही घटनादुरुस्तीने हलला नाही. मग तिच्या नावाने पतिराज चावडीवर बसतात, सह्या तिच्या आणि शब्द त्यांचा. याला आपण तिची दुर्बलता म्हणतो. आमच्या मते तिच्या हाती वेळच शिल्लक राहू न देणाऱ्या घराची ती लबाडी आहे.

त्यागाचे गोडवे गाणाऱ्या आमच्यासारख्यांनी येथे थोडे आत्मपरीक्षण करावयास हवे. महर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि काम आटोपल्यावर हिंगण्याच्या आश्रमाची वाट पायी तुडवीत, हे चित्र आपण शाळकरी मुलांपुढे ठेवतो. त्याच चित्राची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात सांगून ठेवली आहे. आण्णांची मिळकतच नव्हे, तर विम्याची रक्कमही संस्थेकडे वळली तेव्हा संसाराची चिंता कोणाच्या माथी आली, हे त्या पुस्तकातून कळते. कर्व्यांचे मोठेपण यामुळे तसूभरही उणे होत नाही. परंतु त्या मोठेपणाचे अर्धे देणे बायांकडे जाते, एवढे तरी आपण जमेच्या वहीत मांडले पाहिजे.

गोखल्यांची दृष्टी या बाबतीत अधिक व्यवहारी होती. 1905 साली भारत सेवक समाज स्थापन करताना त्यांनी सदस्यांकडून आजीव सेवेची कडक शपथ घेतली. पण त्याच शपथेत सदस्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी संस्था जी तजवीज करील तिच्यात संतोष मानण्याचा उल्लेख होता. म्हणजे साधेपणाची अपेक्षा होती, पण घराला उपाशी ठेवून देशसेवा करावी अशी अपेक्षा नव्हती. इंग्लंडातही हाच वाद झाला. पार्लमेंटच्या सभासदांना वेतन मिळावे ही चार्टिस्टांची 1838 सालची मागणी. ती प्रत्यक्षात यावयास 1911 साल उजाडले. तोपर्यंत मजुराच्या प्रतिनिधीला संघटनेच्या वर्गणीवर विसंबावे लागे आणि जमीनदाराला कसलीच अडचण नसे. बिनपगारी सेवा ऐकावयास उदात्त वाटते, परंतु तिचा दरवाजा बहुधा पोट भरलेल्यांनाच उघडतो.

यावर कोणी म्हणेल, पैसा आला की सेवेचा धंदा होतो. ही भीती निराधार नाही. पण ज्याची मजुरी बुडते त्याला ती भरून देणे म्हणजे धंदा नव्हे. उलट ज्याचा संसार पंचायतीपायी खंगत जातो, त्याच्यापुढेच ठेकेदाराचे पाकीट अधिक मोहक दिसू लागते. प्रामाणिकपणाला थोडी भाकरीची जोड असावी, यात कमीपणा कोणता?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पंचायतीच्या बैठका पाळी आणि शेती सांभाळणाऱ्याला सोयीच्या वेळी आणि आगाऊ ठरलेल्या दिवशी भराव्यात. लावणीच्या व कापणीच्या दिवसांत त्या कमीत कमी ठेवाव्यात. बैठकीपायी रोजी बुडणाऱ्या सदस्याला त्या दिवसाची भरपाई मिळावी. या भूमीवर कारखाने चालविणाऱ्यांनी आपल्या कामगार-सदस्याला बैठकीपुरती सुटी देण्यास कुरकुर करू नये, कारण ज्या रस्त्यावरून त्यांचा माल जातो त्याची चिंता तोही वाहतो. पाणी, रस्ता, शाळा अशी कामे सदस्यांनी आणि तरुण स्वयंसेवकांनी वाटून घ्यावीत, म्हणजे सारा गाव एकाच दारात उभा राहणार नाही.

सदस्यालाही आमचे एक सांगणे आहे. ‘आज नाही, उद्या सकाळी या’ असे म्हणणे हा लोकद्रोह नव्हे. प्रत्येक काम आपल्याच हातून झाले पाहिजे या हट्टात सेवेपेक्षा अहंकाराचा वाटा अधिक असतो. आणि जो आपल्या घरातल्यांशी चार शब्द बोलावयास सवड काढीत नाही, त्याला गावाच्या तक्रारी ऐकण्याचा धीरही फार काळ पुरत नाही. घरच्या मंडळींनी मात्र एक ध्यानात घ्यावे. आपल्यातले माणूस चावडीवर गेले म्हणजे ते घरातून हरवले असे नव्हे. त्याच्या वाट्याचे काम चार हातांनी उचलणे हीदेखील गावाचीच सेवा आहे आणि त्यात पुरुषांचे हात मागे राहता कामा नयेत.

1954 साली काही दिवसांपुरते घर सोडून निघणारी माणसे या भूमीला हवी होती आणि ती मिळाली. आज गलोंड्यासारख्या गावाला हवी आहेत ती घरात राहून, नोकरी करून, पाच वर्षे न कंटाळता गावाचे काम पाहणारी माणसे. पहिल्या कामाला धाडस लागते. दुसऱ्याला धाडसाबरोबर घरच्यांची आणि शेजाऱ्यांची साथ लागते. येत्या मुक्तिदिनी व्यासपीठावर वीरांना हार घालून झाल्यावर एक नमस्कार समोरच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या त्या घरच्या माणसांनाही घडावा. आणि तो नमस्कार करून परत जाताना प्रत्येकाने एवढाच विचार करावा की, आपल्या गावच्या सदस्याच्या शिरावरचे कोणते एक ओझे आपणांस उद्या उचलता येईल.