आवक-जावकेची रुजवात

एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या माणसांची मोजदाद करणे हे प्रथमदर्शनी सांख्यिकीतील सुलभ कामांपैकी एक वाटते. कारण जन्म किंवा मृत्यू यांची नोंद एकाच दप्तरात होते, परंतु देशांतराची नोंद, ज्या देशाचा निरोप घेतला त्याच्या जावक बारनिशीत आणि ज्या देशात पाऊल ठेवले त्याच्या आवक बारनिशीत, अशी दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या हातांनी उतरविली जाते, आणि एकाच गोष्टीचे दोन परस्परांस अपरिचित साक्षीदार उपलब्ध असताना सत्य हाती लागण्यास अडचण ती कोणती, असे कोणासही वाटावे. राज्य शासनाच्या सांख्यिकी खात्यात उमेदीची वर्षे घालविल्यानंतर मला या दोन बारनिश्या शेजारी शेजारी मांडून बसण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यांचा ताळा काही केल्या जमेना. आणि पुढे हेही ध्यानात आले की तो बळेच जमविण्यापेक्षा कोठे व का जमत नाही हे तपशीलवार लिहून ठेवणे, यातच या कामाचे बहुतेक सारे मोल आहे.

निवृत्तीनंतर अलिबागेस राहावयास आल्यावर कोणी न सांगता जे काम मी अंगावर घेतले, ते या किनाऱ्यावरील बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या देशांतराचा तक्ता तयार करण्याचे होते. या समाजाची येथील वस्ती किती प्राचीन, याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु समाजाची स्वतःची परंपरा अशी की अलिबागच्या उत्तरेस नवगावनजीक त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हिशेबनिसाच्या नजरेने पाहता ही आवकेची मोठी सुबक नोंद म्हणावी लागेल: संख्या आहे, स्त्री-पुरुष विभागणी आहे, ठिकाण आहे, कोरा आहे तो केवळ तारखेचा रकाना. पुढे या मंडळींनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले, किहीम, नवगाव, पेण, रोहे, चेऊल अशा गावांवरून त्यांची आडनावे पडली, आणि १८४२ मध्ये रेवदंड्यास, १८४८ मध्ये अलिबागेस त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतरच्या अडीच दशकांत समाजाचा फार मोठा भाग तिकडे निघून गेला.

येथे एक खुलासा अवश्य आहे. ही मंडळी आश्रयार्थी नव्हती. त्यांना येथून कोणी हुसकले नव्हते, आणि १९५० चा तिकडचा कायदा तर त्यांना परतून येणारे समजून दार उघडीत होता. तथापि आज युरोपातील दप्तरांत आश्रयार्थींच्या देशोदेशीच्या हस्तांतराचे आकडे जुळविणाऱ्या कारकुनांपुढे ज्या अडचणी उभ्या राहतात, त्याच मला अलिबागेत बसून भेटल्या.

आधी जावक पाहू. आपली जनगणना माणसाला जन्म कोठे झाला, पूर्वीचे वास्तव्य कोठे होते, हे विचारते; परंतु जो निघून गेला तो उत्तर द्यावयास दारात उभाच नसतो, आणि म्हणून गेलेल्यांची संख्या वजाबाकीने काढावी लागते: मागील गणनेच्या आकड्यात दशकातील जन्म मिळवावे, मृत्यू वजा करावे, आणि जी संख्या यावयास हवी होती तीतून प्रत्यक्ष आढळलेली संख्या उणे करून जो शेष उरेल त्यास ‘गेले’ असे नाव द्यावे. या शेषात गेलेली माणसे असतात हे खरे, पण गणनेतून सुटलेली माणसे, न नोंदलेले मृत्यू आणि धर्माच्या रकान्यात भलतेच काही लिहिले गेलेले लोकही मुकाट्याने त्यात येऊन बसतात. शिवाय जनगणना ‘ज्यू’ हा धर्म मोजते, बेने इस्रायल हा समाज मोजीत नाही. १९५१ मध्ये देशात ज्यूंची संख्या २६ हजारांच्या पुढे होती, १९६१ मध्ये ती १८ हजारांच्या वर उरली, आणि १९७१ मध्ये सहा हजारांच्या आसपास आली. परंतु या उतरंडीत कोचीनचे ज्यू आहेत, मुंबई-कलकत्त्याचे बगदादी ज्यू आहेत, आणि आमचे किनाऱ्यावरचे लोकही आहेत. २०११ च्या ४,६५० या आकड्यात महाराष्ट्राचे २,४६६ आहेत, तसे मिझोरामचेही काही शे आहेत, ज्यांचा या किनाऱ्याशी काडीचाही संबंध नाही.

इतर सरकारी दप्तरांचाही उपयोग होईनासा झाला. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदी रोजगारासाठी विशिष्ट देशांत जाणाऱ्या, तेही विशिष्ट पारपत्र बाळगणाऱ्या, लोकांपुरत्या असतात; आणि विमानतळावर भारतीयांकडून भरून घेतले जाणारे प्रस्थानपत्र, जे १ जुलै २०१७ पासून बंद झाले, ते माणूस गेला एवढेच सांगे; आठ दिवसांसाठी गेला की जन्मासाठी, याची कैफियत त्यात नसे.

जिल्ह्याच्या पातळीवर उतरल्यावर तर पायाखालची वाळूच सरकते. जो जन्मला ‘कुलाबा जिल्ह्यात’, त्याचा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला. मुरुडकडचा असेल तर त्याचे गाव १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. त्याहून मोठी अडचण ही की बेने इस्रायल कुटुंबे कंपनी सरकारच्या पलटणींत आणि पुढे कचेऱ्या, इस्पितळे, रेल्वे यांत नोकरीसाठी कित्येक पिढ्यांपूर्वीच मुंबईस गेली होती. त्यामुळे रायगडच्या जावकेत त्यांची नोंद ‘मुंबईस’ अशी व्हावयाची, आणि परदेशची जावक मुंबईच्या नावे पडावयाची. रायगडमधून इस्रायलला किती गेले या प्रश्नाचे, कागदोपत्री पाहिल्यास, फार लहान उत्तर येते. आडनावे मोजली तर ते कितीतरी मोठे होते, परंतु आडनाव पणजोबांचे गाव सांगते, प्रवाशाचे नव्हे, हेही विसरून चालत नाही.

म्हणून मी गावोगाव विचारीत हिंडलो. कागदांपेक्षा शेजारी अधिक सांगतात, हा अनुभव मला नोकरीतही आला होता. रेवदंड्याच्या अलीकडे एका वाडीत सुपाऱ्या सोलीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले, तर ते क्षणभरही न थांबता म्हणाले, “ती मंडळी होय? तीन घरं होती, काका. दोन मुंबईला गेली, आणि तिथनं मग इस्रायलला. एक हितंच सरलं.” जनगणनेच्या वजाबाकीत जे दोन शेष एकमेकांत कालवलेले असतात, गेलेले आणि निवर्तलेले, ते या गृहस्थांनी एका दमात वेगळे करून दिले. मात्र त्यांचे मोजण्याचे एकक घर हे होते, माझ्या तक्त्याचे एकक माणूस. आणि एका घराची किती माणसे धरावी, हे पुन्हा मलाच ठरवावयाचे होते. ते मी ठरविले नाही. घरांसाठी निराळा रकाना आखला.

आता आवक. इस्रायलचे केंद्रीय सांख्यिकी कार्यालय बाहेरून येणाऱ्यांची मोजणी कसोशीने करते, परंतु कोणाला ‘भारतातून आलेला’ म्हणावे याची तिकडे एकाहून अधिक मापे आहेत: शेवटचे वास्तव्य कोणत्या देशात होते, हे एक माप, जन्म कोणत्या देशात झाला, हे दुसरे, आणि जो तेथेच जन्मला त्याच्या पित्याचा जन्म कोठला, हे तिसरे. या तिसऱ्या मापाने किहीमच्या माणसाचा नातू भारतीय मूळ हरवून निव्वळ इस्रायली ठरतो, आणि त्या रकान्यातील संख्या, एकही माणूस कोठे न जाता, वर्षागणिक झिजत जाते. त्यांच्या जुन्या तक्त्यांत भारत आणि पाकिस्तान यांची मिळून एकच ओळ असे, कारण कराचीतही याच समाजाची वस्ती होती. ज्या दोन देशांचे आपापसांत कशावरही एकमत होत नाही त्यांना तिसऱ्याच्या दप्तरात एका ओळीत नांदताना पाहून मला, खोटे कशाला सांगू, थोडी मौज वाटली. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ती ओळ निरुपयोगी होती.

हीच रुजवात युरोपात कायद्याने सक्तीची केलेली आहे, आणि म्हणून तेथील तक्ते पाहणे उद्बोधक ठरते. १९९० मध्ये डब्लिन येथे सही झालेल्या आणि १९९७ पासून अमलात आलेल्या करारान्वये, व त्यानंतरच्या २००३ आणि २०१३ च्या विनियमांन्वये, आश्रयाच्या एका अर्जाचा विचार एकाच देशाने करावयाचा असतो. तो देश कोणता, हे अर्जदाराचे कुटुंबीय कोठे आहेत, व्हिसा कोणी दिला, सीमा प्रथम कोठे ओलांडली गेली, अशा निकषांनी ठरते. जर्मनीत अर्ज केलेल्या माणसाची जबाबदारी इटलीची आहे असे दिसले की जर्मनी इटलीस विनंती धाडते, आणि बोटांच्या ठशांची युरोडॅक ही सामाईक नोंदवही २००३ पासून तिला पुरावा पुरविते. २००७ च्या सांख्यिकी विनियमाने प्रत्येक देशावर असे बंधन घातले की धाडलेल्या विनंत्या, आलेल्या विनंत्या, त्यांवरील निर्णय आणि प्रत्यक्ष हस्तांतरे यांचे वार्षिक तक्ते लक्झेंबर्ग येथील युरोस्टॅट या कार्यालयाकडे पाठवावे. म्हणजे जर्मनीची इटलीकडील जावक आणि इटलीची जर्मनीकडील आवक, या एकाच संख्येच्या दोन प्रती एका टेबलावर येऊन पडतात.

त्या जुळत नाहीत. डिसेंबरअखेर निघालेला कागद समोरच्या दप्तरात जानेवारीत चढतो आणि वर्ष बदलते. एक जण विनंती मोजतो तर दुसरा तिच्यातली माणसे. नकार आल्यावर फेरविचारासाठी धाडलेला कागद एकास नवा वाटतो, दुसऱ्यास जुन्याचेच शेपूट. त्यातून कायद्यात अशी योजना आहे की ठरावीक मुदतीत, जी प्रकरणपरत्वे दोन महिने, एक महिना किंवा दोन आठवडे असते, उत्तर आले नाही तर मौन ही संमती समजावी. आता ज्या दप्तराने उत्तरच दिले नाही, त्याने आपली संमती कोणत्या तारखेस, कोणत्या रकान्यात लिहावी? हस्तांतरास संमतीनंतर सहा महिन्यांची मुदत असते, माणूस तुरुंगात असेल तर ती वर्षापर्यंत आणि फरारी झाला तर अठरा महिन्यांपर्यंत वाढते. त्यामुळे या वर्षी झालेली हस्तांतरे पुष्कळ अंशी गतवर्षीच्या विनंत्यांची असतात, आणि वृत्तपत्रांत एकाच वर्षाच्या हस्तांतरांस त्याच वर्षाच्या विनंत्यांनी भागून ‘इतकेच टक्के परत पाठविले’ असे जे ठणकावून छापले जाते, तो भागाकार करणाऱ्याने तक्त्याखालच्या टिपा वाचलेल्या नसतात, असे समजण्यास हरकत नाही.

शून्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. २१ जानेवारी २०११ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने, बेल्जियमने एका अफगाण आश्रयार्थीस ग्रीसमध्ये पाठविले याबद्दल दोन्ही देशांना दोषी धरले, आणि त्यानंतर ग्रीसकडील हस्तांतरे जवळजवळ थांबली. त्या वर्षांचे तक्ते पाहणाऱ्यास ग्रीसपुढील आकडे पाहून वाटेल की त्या वाटेने कोणी येतच नव्हते. वस्तुस्थिती अशी की येणारे पुष्कळ होते, परत पाठविण्याचे दार तेवढे बंद झाले होते. युरोस्टॅटच्या तक्त्यांत माहिती उपलब्ध नसेल तेथे शून्य न लिहिता दोन टिंबे देण्याची रीत आहे, ती मी कृतज्ञतेने उचलली आहे. माझ्या तक्त्यातही अशी गावे आहेत की जेथे आता कोणी बेने इस्रायल राहत नाही. तेथे शून्य लिहिता येते. परंतु जेथून किती गेले हे सांगणारे कोणीच उरले नाही, तेथे दोन टिंबेच प्रामाणिक.

रकाना आखणे हे निरुपद्रवी काम आहे, असा जो सार्वत्रिक समज आहे त्यास याच समाजाचा इतिहास उत्तर देतो. १९६२ च्या सुमारास इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदविणाऱ्यांस असा हुकूम दिला की बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. देशात प्रवेश देताना या लोकांच्या ज्यूपणाविषयी कोणाला शंका आली नव्हती; लग्नाच्या दाखल्यापाशी ती आली. मंडळींनी जेरुसलेमात धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील शासन व संसद यांनी हा समाज सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचा आहे असे जाहीर केले, तेव्हा कोठे तो हुकूम सैल झाला. आवकेच्या वहीत कोणी कोठून आला एवढेच लिहिलेले असते. पुढे ती वही कोणाच्या हाती जाईल, हे लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती नसते. म्हणून माझ्या तक्त्यात गावाखालचा तपशील, म्हणजे आळी वा कुटुंब, मी ठेवला नाही, जरी तो मला ठाऊक होता आणि अभ्यासकांनी तो मागितलाही होता.

सर्वांत अधिक वेळ घेतला तो १९५१-५२ या ओळीने. त्या सुमारास तिकडे गेलेल्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी, आपणास वर्णावरून कमी लेखले जाते अशी तक्रार करून, बेरशेबा येथे आणि पुढे तेल अवीवमध्ये धरणे धरले व आम्हांस भारतात परत पाठवा अशी मागणी केली. ज्यूंच्या तिकडील स्थलांतराची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यू एजन्सीने ती अखेर मान्य केली आणि १९५२ मध्ये एक गट विमानाने मुंबईस परतला. परतल्यावर त्यांतल्या पुष्कळांनी पुन्हा तिकडे जाण्याची खटपट आरंभिली, आणि कालांतराने ते गेलेही. अशा माणसाचे काय करावे? इस्रायलच्या आवकेत तो दोनदा आला, आपल्या जावकेत दोनदा गेला, मध्ये एकदा आपल्या आवकेतही उमटला, आणि जनगणनेच्या वजाबाकीत, जी दहा वर्षांतून एकदाच डोळे उघडते, तो एकदाच नाहीसा झाला. युरोपातही जर्मनीतून इटलीस धाडलेला आणि पुन्हा जर्मनीत येऊन दुसऱ्यांदा धाडला गेलेला माणूस हस्तांतरांच्या तक्त्यात दोन असतो. एकदाच धरावा तर प्रवास खोटा पडतो, दोनदा धरावा तर माणसे फाजील होतात. बराच विचार करून मी दोन्ही फेऱ्या जशाच्या तशा ठेवल्या, मधल्या परतीसाठी एक ओळ वाढविली, शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिले, आणि तक्त्याच्या माथ्यावरील ‘देश सोडून गेलेल्या व्यक्ती’ हे शीर्षक खोडून तेथे ‘प्रस्थाने’ असे घातले.